शहरात तिसरा

माझा भाऊ चौकटी करतो. घरातल्या माणसांचे फोटो, पदव्या, नकाशे, पोरांनी रंगवलेले हत्ती, कुणाच्या आजीनं भरलेले पोपट, काय वाटेल ते आणा. दादा त्याला पट्टी लावतो, काच बसवतो, मागे हूक ठोकून देतो. स्वतःसाठी म्हणून त्यानं जन्मात एकच चौकट केली. तिच्यात कुणाचा फोटो नव्हता. एक छापील कागद होता, त्यावर ‘चौकट’ हे त्याचं टोपणनाव आणि खाली ‘शहरात तिसरा’. दुकानातली सगळ्यात चांगली सोनेरी पट्टी, दुहेरी माउंट, चकाकी न मारणारी काच. माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची किनार, मीच कापला. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून दादाच्या दुकानातले माउंट मीच कापते. कापताना म्हटलंसुद्धा, "दादा, शहरातला तिसरा माणूस निदान स्वतःचा चहा तरी स्वतः करतो का?" त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

ही तिसऱ्या नंबरची भानगड सांगायची तर आधी वस्तराभाऊंबद्दल सांगायला हवं.

दादाचं जुनं दुकान एका अरुंद गल्लीत होतं आणि बरोबर समोर वस्तराभाऊंचं सलून. दोन खुर्च्या, दोन मोठे आरसे, आरशांच्या चौकटी अर्थात दादाच्या, आणि वाट बघणाऱ्यांसाठी एक लांब बाकडं. त्या बाकड्याच्या एका टोकाला बुद्धिबळाचा पट कायमचा मांडलेला. दुपारची गर्दी ओसरली की दादा रस्ता ओलांडून जायचा. मधेच गिऱ्हाईक आलं की वस्तराभाऊ उठायचे, त्याची दाढी करायचे, हात पुसत परत यायचे आणि जणू काही झालंच नाही असा मोहरा उचलायचे. दाढी करतानाही त्यांची एक नजर आरशातून पटाकडे असायची. गिऱ्हाईक बिचारं जीव मुठीत धरून बसायचं. बाकड्यावरची रिकामटेकडी मंडळी दोघांनाही फुकट सल्ले द्यायची, आणि दोघं मिळून त्यांना गप्प करायचे.

दोघांत जास्त कोण जिंकतं, हे मी पुष्कळदा विचारलं होतं. दादा म्हणायचा, "मी." वस्तराभाऊ म्हणायचे, "ताई, तुमच्या दादालाच विचारा. त्याला बरं वाटेल ते तो सांगेल." मोजलं कुणीच नव्हतं. मोजायची गरजही नव्हती, कारण दुसऱ्या दिवशी परत बसायचंच होतं.

मग गल्ली रुंद करायचं निघालं आणि आमच्या बाजूची दुकानांची ओळ पाडली. सलूनची बाजू वाचली. दादाला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गाळा मिळाला, दोन बस बदलून जायचं अंतर. पट सलूनमध्येच राहिला. सुरुवातीला दादा उत्साहानं जायचा. पण दादाची सुट्टी एका वारी, सलूनची दुसऱ्या वारी. हळूहळू "पुढच्या आठवड्यात नक्की" सुरू झालं, आणि पुढचा आठवडा काय चीज असते ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

अशात एका गिऱ्हाइकानं दादाला फोनवर बुद्धिबळ खेळायची साइट दाखवली. दादानं तिथल्या तिथे फोन लावला. "अरे वस्तऱ्या, आता बसची कटकटच मिटली! तू तिथून खेळ, मी इथून खेळतो." वस्तराभाऊंना फोनचा मनापासून कंटाळा. बोलून झालं की ते तो कंगव्यांच्या डब्यात टाकून मोकळे व्हायचे. पण दादासाठी तेही त्या साइटवर गेले. नाव घेतलं ‘वस्तरा’. दादानं घेतलं ‘चौकट’.

महिनाभर मोठी मजा होती. दुपारी दादा फोनवर वाकलेला, मधेच एकटाच हसायचा, मी ओळखायचे की तिकडून काहीतरी खट्याळ चाल आली.

पण साइटवर बाकडं नसतं, घड्याळ असतं. आपली वेळ संपली की डाव गेला, मग पटावर आपण कितीही वरचढ असा. दादाच्या धंद्याला ते सोयीचं होतं. चौकटीच्या कोपऱ्यांना गोंद लावून शिकंज्यात आवळलं की थांबावंच लागतं. तेवढ्यात एक डाव आरामात होतो. सलूनचं तसं नाही. वस्तराभाऊ जिंकत आलेले असायचे आणि दारात कुणीतरी गाल चोळत उभं राहायचं. ते फोन पालथा ठेवून उठायचे. परत येईपर्यंत घड्याळ संपलेलं, डाव दादाच्या नावावर. दादा फोनवर हसून म्हणायचा, "हरलास रे!" वस्तराभाऊ म्हणायचे, "मग काय करू? तोंडाला साबण लावून माणूस बसलाय. त्याला सांगू का, थांब बाबा, माझा घोडा अडकलाय?"

त्यांना त्या हरण्याचं काही वाटत नव्हतं. दादाला मात्र त्या जिंकण्याचं वाटायला लागलं. कारण साइट प्रत्येकाच्या नावापुढे गुण लिहिते आणि गुणांवरून नंबर लावते. आपल्यापेक्षा वरच्याला हरवलं तर भरघोस गुण मिळतात, आणि आपल्यापेक्षा खालच्याकडून हरलं तर भरघोस जातात. वस्तराभाऊंचे गुण गिऱ्हाइकांच्या दाढ्यांबरोबर उतरत गेले. दादाचे चढत गेले. आणि एके दिवशी शहराच्या यादीत त्याचं नाव तिसरं आलं.

झालं! त्या दिवसापासून माझा भाऊ हरभऱ्याच्या झाडावर चढून बसला. कागद छापला, चौकट झाली, गल्ल्याच्या वर खिळा ठोकला. चौकट करायला आलेल्या माणसांना आधी तो कागद बघावा लागायचा. फोटो कुठल्या पट्टीत बसवायचा हे विचारायला आलेली बाई, "अय्या, शहरात तिसरे?" म्हणाली की दादा मान खाली घालून विनय दाखवायचा. तो विनय मला अजिबात बघवत नसे.

शहरात तिसरा म्हणजे काय, हे मी त्याच्या शेजारी बसून रोज बघत होते, म्हणून सांगते. जो नवखा दिसेल त्याच्याशी दादा खेळायचा. ज्याचा अंदाज येत नाही त्याला टाळायचा. नंबर टिकवायचा म्हणून कधी कधी आठवडाभर खेळायचाच नाही, गादी जाईल या भीतीनं लढाईवर न जाणाऱ्या राजासारखा. यादीतला पहिला तर कधी खेळताना दिसलाच नाही. तोही तसाच वर चढून बसला असणार. आणि मुळात शहरातले किती जण त्या साइटवर होते, त्यातले खरे किती, खोटे किती, देव जाणे. उथळ पाण्याला खळखळाट फार. पण हे दादाला सांगायची सोय नव्हती. लगेच नाकाला मिरच्या झोंबायच्या.

मग सलूनच्या एका सुट्टीच्या दिवशी वस्तराभाऊंनी आव्हान पाठवलं. गिऱ्हाईक नाही, साबण नाही, समोर फक्त डाव. आणि त्यांनी दादाला स्वच्छ हरवलं. मी तेव्हा काच पुसत होते. दादानं फोन खाली ठेवला आणि बराच वेळ भिंतीवरच्या कागदाकडे बघत राहिला. इतक्या खालच्या माणसाकडून हरल्यामुळे महिन्याभरात जमवलेले गुण एका झटक्यात गेले होते. तिसरा नंबर गेला. चौकट खोटी पडली.

तेवढ्यात फोन वाजला. वस्तराभाऊ खूश होते, त्यांचा आवाज मला इथवर ऐकू येत होता. "काय रे चौकट, कसा होता शेवटचा उंट? मजा आली की नाही?"

दादा म्हणाला, "मजा कसली? तुझा नंबर बघ, माझा नंबर बघ. तुझ्याशी जिंकलो तर मला काही मिळत नाही, हरलो तर सगळं जातं. आधी जरा वर ये, मग खेळू."

मग वस्तराभाऊ हसले. "बरं, येतो वर," म्हणाले.

मी दादाला म्हटलं, "हे काय बोललास?" तो म्हणाला, "तुला त्यातलं कळत नाही." खरंय, मला बुद्धिबळातलं कळत नाही. मला माणसं कळतात, पण त्याचे गुण कुणी लावत नाही.

वस्तराभाऊंची आव्हानं तरी येतच राहिली. रोज दुपारी, जुन्या वेळेला. रोज रोज ‘नको’ म्हणायला दादालाही जड जायचं, मनानं तो वाईट नाहीच. म्हणून त्यानं एक युक्ती केली. साइटवर सोय आहे, आपल्यापेक्षा फार खालच्या गुणांच्या माणसाचं आव्हान आपल्यापर्यंत येऊच नये अशी. दादानं ती सुरू करून ठेवली. आव्हान येणं बंद झालं, नकार देणंही संपलं. त्याला वाटलं, कुणाचंच मन दुखावलं नाही. आपण काय केलं हे खरोखर त्याच्या लक्षात आलं नाही, आणि याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं.

अधूनमधून तो वस्तराभाऊंचं पान उघडून बघायचा. त्यांचे गुण वाढत होते. थोडे थोडे, पण वाढत होते. "बघ, सुधारतोय," दादा मला दाखवायचा, मास्तरनं ढ विद्यार्थ्याचं कौतुक करावं तसा. "बोललो म्हणून मनावर घेतलं. अजून थोडा वर आला की खेळेन त्याच्याशी." दादाचा तिसरा नंबरही तोवर परत आला होता. मग एक दिवस वस्तराभाऊंचे गुण जिथल्या तिथे थांबले. आठवडे गेले, महिने गेले. फोनवर बोलणं कमी झालं होतं, कधी तिकडच्या वहिनी उचलायच्या आणि "झोपलेत" म्हणायच्या. दादा म्हणाला, "कंटाळला असेल. त्याला चिकाटी कुठाय?"

त्यानंतर एका सकाळी वहिनी दुकानात आल्या. वस्तराभाऊंची बायको दोन बस बदलून एवढ्या लांब कधी आली नव्हती. हातात जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते गल्ल्यावर ठेवून उघडलं. बाकड्यावरचा पट. कडेला वस्तऱ्याची जुनी खाच, मधल्या घरांवर तेलाचे डाग.

"भाऊजी, ह्याला चौकट करून द्या," त्या म्हणाल्या. "भिंतीवर लावायचाय. ह्यांनीच सांगितलं. म्हणाले, आता दिसतच नाही तर खाली ठेवून करायचं काय."

"दिसत नाही म्हणजे?" दादानं विचारलं.

"म्हणजे दिसत नाही." वहिनींना वाटलं होतं आम्हाला ठाऊक असेल. मग त्यांनी सांगितलं. काचबिंदू. डॉक्टरांकडे गेले तोवर कडेची नजर जायला लागली होती, आणि गेलेली नजर परत येत नाही. आधी कडेचे मोहरे दिसेनासे झाले, मग गिऱ्हाइकाचा कान. एकाला कापलं, त्या दिवशी त्यांनी वस्तरा खाली ठेवला तो ठेवलाच. दुसऱ्या खुर्चीवरचा कारागीर आता सलून चालवतो.

"कधीपासून होतं हे?" मी विचारलं.

"गल्ली पाडली त्याच सुमारास कळलं. कुणाला सांगू नको म्हणाले. आणि शेवटी शेवटी तर दुपारी सलून कारागिरावर टाकून फोन नाकाला लावून बसायचे. मी ओरडायचे, अहो, कशाला? तर म्हणायचे, मला वर जायचंय. थोडंच राहिलंय." वहिनी पटावरचा डाग बोटानं पुसत होत्या, तो पुसला जाणारा नव्हता. "रोज आधी तुम्हाला ते काय असतं ते पाठवायचे. आणि फोनवर काय आलं ते मला वाचून दाखवायचे: हा खेळाडू तुमच्या पातळीच्या खेळाडूंची आव्हानं घेत नाही. रोज वाचायचे आणि हसायचे. भाऊजी, उरलेली सगळी नजर त्यांनी त्यात घातली."

असं काही वाक्य पलीकडच्याला दिसतं, हे दादाला माहीतच नव्हतं. वहिनी गेल्यावर त्यानं स्टूल घेतलं, गल्ल्यावरची ती सोनेरी चौकट उतरवली आणि टाकाऊ काचांच्या मागे तोंड भिंतीकडे करून ठेवली. मग फोन काढून ती सोय बंद केली. बैल गेला नि झोपा केला. माझ्या ओठांवर आलं होतं, पण त्याच्याकडे बघून गिळलं.

पटाला चौकट त्यानं केली नाही. आठवडाभर बाकीची कामं बाजूला ठेवून तो त्या पटाशीच बसला. सगळ्यात बारीक पट्टी तासून त्यानं प्रत्येक काळ्या घराच्या कडेनं अशी बसवली की बोट फिरवलं तर घर कळावं. मोहरा सरकू नये म्हणून घराघरात छोटं भोक, मोहऱ्यांच्या बुडाला खुंटी. काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर एकेक गोल खिळा, म्हणजे काळा कुठला, पांढरा कुठला ते हाताला समजेल. असं सुबक काम मी त्याच्या हातून कधी पाहिलं नव्हतं. झाल्यावर त्यानं डोळे मिटून स्वतः बोटं फिरवून बघितली.

आम्ही दोघं गेलो. वस्तराभाऊ सलूनच्या वरच्या खोलीत खिडकीशी बसले होते. दाढी गुळगुळीत, ती अजून स्वतःची स्वतः करतात, वहिनी म्हणाल्या. पायऱ्यांवरच्या आवाजावरूनच त्यांनी ओळखलं. "या, शहरातले तिसरे!" म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दादानं पट त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी बोटं फिरवली. सगळी घरं, खुंट्या, खिळ्यांची डोकी. त्यांचा चेहरा इतका उजळला की वहिनी पदर तोंडाशी धरून आत गेल्या. "काय काम केलंस रे," ते म्हणाले. "हाताला लोण्यासारखं लागतंय."

"खेळायचं?" दादानं विचारलं.

"चल."

दादा आपली चाल तोंडानं सांगायचा, वस्तराभाऊ बोटांनी तपासायचे, विचार करायचे, मोहरा उचलून पुढच्या खुंटीत बसवायचे. थोडा वेळ दोघं अगदी पूर्वीसारखे दिसत होते. मला डावातलं समजत नाही, पण दादाचं तोंड समजतं. गरीब गिऱ्हाइकाला कमी दर सांगताना तो जसा दुसरीकडे बघतो, तसा तो खिडकीबाहेर बघत चाल सांगत होता.

वस्तराभाऊंची बोटं एका ठिकाणी थांबली. परत मागे गेली, परत तिथेच आली.

"चौकट, तुझा हत्ती उघडा पडलाय."

"हो का? लक्षात नाही आलं."

"मगाशी घोडाही असाच सोडलास. मला वाटलं काही डाव असेल." त्यांनी हात पटावर पालथा ठेवला. "आपण उभा जन्म खेळलो. तू मला एक प्यादं कधी फुकट दिलं नाहीस. म्हणून तर तुझ्याशी खेळायचो मी."

दादा म्हणाला, "अरे, मी... तू मला आधी सांगायचं होतंस डोळ्यांचं. मी रोज खेळलो असतो."

"म्हणून तर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू हेच केलं असतंस, जे आत्ता करतोयस." ते हसले, पण थोडंसंच. "मला हरायला काही वाटत नव्हतं रे. कितीदा हरलो तुझ्याकडून. हरणं तुझ्याच जिवावर यायचं. एवढंच म्हणत होतो, की दिसतंय तोवर दोन-चार डाव खरे होऊ देत."

दादाला रडू आलं. माझ्या भावाला रडताना मी आईच्या वेळी पाहिलं होतं, त्यानंतर त्या दिवशी. वस्तराभाऊंना दिसत नव्हतं, पण त्यांनी हात पुढे करून त्याचा गुडघा शोधला आणि थोपटला. मग एकेक मोहरा उपटून डब्यात ठेवायला लागले.

"पट राहू दे इथंच," ते म्हणाले. "हाताला बरा लागतो. पण यापुढे खेळायला येऊ नकोस. नुसता बसायला ये."

बसमध्ये दादा रिकामी पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. बरीच गर्दी उतरून गेल्यावर त्यानं विचारलं, "खरं सांग, आमच्या दोघांत जास्त चांगला कोण होता?"

मी त्याला जन्मभर टोमणे मारलेत. त्या वेळी एकही सुचला नाही. म्हटलं, "दादा, ते आता कुणालाच कळायचं नाही."

"कळलं असतं," तो म्हणाला. "रोज दुपारी तो विचारत होता."